मामांचे हॅनिमन आणि चैत्रातलं कोल्हापूर

एप्रिलमध्ये कोल्हापूरला जाऊ नका, ऊन फार असतं, असं सगळे सांगतात. ऊन असतंच. पण माझ्या मामांच्या घरी वर्षात एकच समारंभ होतो आणि तो १० एप्रिलला, होमिओपॅथीचे जनक डॉ. सॅम्युएल हॅनिमन यांच्या जयंतीला. मामा होमिओपॅथ आहेत. मंगळवार पेठेतल्या जुन्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा दवाखाना आहे, आणि वय झालं तरी सकाळी दहाला दार उघडतंच. २०२५ साली १० तारीख महावीर जयंतीच्या सुट्टीची आणि शनिवारी चैत्र पौर्णिमा, म्हणजे ज्योतिबाची यात्रा. दोन्ही एकाच फेरीत जमत होतं.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. होमिओपॅथीच्या गोळ्यांबद्दल माझं मत काय आहे ते मामांना माहीत आहे आणि मीही ते लपवत नाही. पण ज्या माणसाने हे शास्त्र उभं केलं त्याचं आयुष्य मला मामांच्या तोंडून सलग ऐकायचं होतं. लहानपणी तुकड्यातुकड्यांनी ऐकलेलं, बरंचसं विसरलेलं.

बुधवार: दवाखाना, टाउन हॉल, कुंभार गल्ली

महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी उतरले. दारात मामी. "आलीस व्हय? पाय धू, मी चहा ठेवतो. तुझा मामा पहाटेपासून खिडकीतच बसलाय."

चहा झाल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानात मिसळ. इथे मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेडचे स्लाइस देतात, आणि कट संपला की न विचारता वाढतात. तिखट जास्त वाटलं तर आधीच "कट बाजूला द्या" म्हणून सांगावं, कुणी वाईट वाटून घेत नाही. मामांनी मिसळ आनंदाने खाल्ली. हॅनिमन यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांना जे पदार्थ वर्ज्य सांगितले होते त्यांत कांदा होता, मसालेदार जेवण होतं, कॉफी तर होतीच. कॉफीवर त्यांनी १८०३ मध्ये वेगळा निबंधच लिहिला. कोल्हापुरात कांदा-लसूण चटणी बंद करा म्हटलं तर पेशंट पुन्हा पायरी चढणार नाही, म्हणून मामांनी ते पथ्य कधीच सोडून दिलं. "उपाशी ठेवून कुणाला बरं करायचंय?" हे त्यांचं म्हणणं.

दवाखान्यात काही बदललेलं नाही. लाकडी बाक, काचेचं कपाट, बुचांवर शाईने नावं लिहिलेल्या बाटल्या, साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या आणि जुन्या वह्यांचा ढीग. नव्या पेशंटला मामा तासभर बसवून घेतात. तहान किती लागते, झोप कोणत्या कुशीवर लागते, ऊन सोसतं की थंडी, राग आला की बोलता की गप्प बसता, सगळं लिहून घेतात. ही सवय थेट हॅनिमनकडून आलेली. त्यांनी रुग्णांच्या नोंदी ठेवलेल्या ५० हून अधिक वह्या आजही जर्मनीत श्टुटगार्टच्या वैद्यक-इतिहास संस्थेत जपून ठेवल्या आहेत.

दुपारी ऊन टाळायला टाउन हॉलचं वस्तुसंग्रहालय गाठलं. भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या समोर. आवारात मोठी झाडं आहेत, त्यामुळे दुपार काढायला ही जागा उत्तम. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली झालेल्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी काशाची मूर्ती इथे आहे. भूमध्य समुद्राकाठचा देव दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेच्या काठी कसा पोचला असेल याचा विचार करत मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. मामा म्हणाले, होमिओपॅथीही अशीच व्यापाऱ्या-प्रवाशांच्या पायांनी आली. ट्रान्सिल्वेनियाचा होनिगबर्गर नावाचा वैद्य १८३९ मध्ये लाहोरला महाराजा रणजितसिंहांच्या दरबारात ही औषधं घेऊन पोचला. हॅनिमन तेव्हा पॅरिसमध्ये हयात होते. पुढे कलकत्त्यात डॉ. महेंद्रलाल सरकार हे नावाजलेले ॲलोपॅथ १८६७ मध्ये उघडपणे होमिओपॅथीकडे वळले, आणि बंगालमधून ती देशभर गेली.

उन्हं कलल्यावर शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत गेलो. गणपतीच्या कामाला आतापासूनच सुरुवात झालेली. शाडूचा वास, ओळीने वाळत घातलेले हात आणि सोंडा. एका घरापुढे आजी दिवल्या पालथ्या घालत होत्या. "बसा की, उभं का?" म्हणून त्यांनी पोतं अंथरलं. दोन वेळच्या पुरात, २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला, पाणी कुठवर चढलं ते त्यांनी भिंतीवर बोट ठेवून दाखवलं. ओल्या मातीच्या मूर्ती जाग्यावर विरघळल्या होत्या.

तिथे बसूनच मामांनी सुरुवातीची गोष्ट सांगितली. हॅनिमन यांचा जन्म १० एप्रिल १७५५ चा, सॅक्सनीतल्या माइसेन गावचा. माइसेन चिनी मातीच्या भांड्यांसाठी सगळ्या युरोपात प्रसिद्ध, आणि वडील त्याच कारखान्यात भांड्यांवर नक्षी रंगवायचे. घरात पैसा नाही. मुलाला शाळेतून काढून कामाला लावायचं वडिलांच्या मनात, पण शिक्षकांनी फी न घेता शिकवलं. रात्री वाचायला घरातलं तेल जाळू देत नाहीत म्हणून पोराने स्वतः मातीचा दिवा घडवला आणि आडोशाला बसून वाचलं, असं चरित्रकार सांगतात. आजींनी हातातली दिवली खाली ठेवली आणि विचारलं, "मग आईनं दिलं आसंल की तेल?" मामा म्हणाले, असंच म्हणतात.

शाळा सोडताना या मुलाने लॅटिनमध्ये निबंध लिहिला, मानवी हाताच्या रचनेवर. विसाव्या वर्षी लाइपझिगला गेला. पुढचं सगळं शिक्षण भाषा शिकवून आणि इंग्रजी वैद्यकग्रंथ जर्मनमध्ये उतरवून केलं. व्हिएन्नाच्या इस्पितळात काही महिने काढले, पैसे संपले तेव्हा ट्रान्सिल्वेनियाच्या गव्हर्नरच्या ग्रंथालयाची आणि नाण्यांची यादी करायची नोकरी धरली. १७७९ मध्ये एर्लांगेनहून डॉक्टर झाला, कारण तिथली फी कमी होती.

रात्री रंकाळ्यावर भेळ. वारा सुटला होता, काठावर बसायला जागा मिळायला वेळ लागला. सुट्टीच्या आदल्या दिवशी जायचं तर सूर्यास्ताच्या आधी पोचा.

गुरुवार: जयंती

पहाटे मामांनी गंगावेशच्या दूध कट्ट्यावर नेलं. म्हैस समोर उभी, धार काढली की ग्लास हातात. फेस ओठाला लागतो इतकं ताजं. शेजारी तालमीतून आलेली पोरं मोठाले ग्लास एका दमात संपवत होती. ज्यांना कच्चं दूध सोसत नाही त्यांनी धाडस करू नये, बाकीच्यांनी चुकवू नये.

अकराच्या सुमारास घरी माणसं जमू लागली. बाहेर महावीर जयंतीची मिरवणूक चाललेली, त्यामुळे काही जण उशिरा आले. कागलहून एक आत्याबाई, गुडघे धरून बसलेला एक जुना पैलवान, चपलांचं काम करणारे एक काका, मामांकडे शिकायला येऊन गेलेले दोघे-तिघे डॉक्टर आणि होमिओपॅथी कॉलेजात शिकणारी एक मुलगी. हॅनिमन यांच्या फोटोला हार, समई, आणि मग मामांचं बोलणं. दरवर्षी ते आयुष्यातला एकच प्रसंग निवडतात. यंदा निवडला तो व्यवसाय सोडल्याचा.

मला स्वतःला या माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अठराव्या शतकातलं युरोपचं वैद्यक म्हणजे रक्त काढणं, जळवा लावणं, जुलाब आणि उलट्या करवणं, पारा देणं. आजार जितका मोठा तितकं रक्त जास्त. हॅनिमन हेच शिकले आणि सुरुवातीला हेच केलं. १७८२ मध्ये एका औषधविक्रेत्याच्या सावत्र मुलीशी, हेन्रिएटशी, त्यांचं लग्न झालं. पुढे त्यांना अकरा मुलं झाली. संसार वाढत होता, आणि नेमकं त्याच वर्षांत त्यांच्या लक्षात येऊ लागलं की आपण देतो त्याने माणसं बरी होत नाहीत, काही तर अधिक खंगतात. दुखणाऱ्या माणसाला आपल्या हातून इजा होते आहे, कदाचित मरण येतं आहे, हा विचार त्यांना सहन होईना. त्यांनी रुग्ण बघणं जवळजवळ बंद केलं. भाषांतरं करायची आणि रसायनशास्त्रात प्रयोग करायचे, यावर घर चालवलं. गावामागून गाव बदललं. मोठ्या कुटुंबाला कधी एका खोलीत राहावं लागलं.

"विचार करा," मामा म्हणाले, "पदवी हाय, पेशंट दारात येतोय, पैसा देतोय. आणि हा माणूस म्हणतो, मला येत नाही, मी देणार नाही. आपल्यातला किती जण म्हणंल?"

पैलवानकाकांनी मान डोलावली. कुणी काही बोललं नाही.

रसायनशास्त्राची शिक्षिका म्हणून मला त्या मधल्या वर्षांतलं काम फार मोलाचं वाटतं. १७८६ मध्ये त्यांनी आर्सेनिकच्या विषबाधेवर ग्रंथ लिहिला, विष कसं ओळखायचं आणि न्यायालयात कसं सिद्ध करायचं यावर. दारूत शिशाची भेसळ आहे का हे पाहण्याची त्यांची चाचणी तर त्यांच्याच नावाने ओळखली जायची. मोजून, तपासून, पुन्हा करून पाहणारा माणूस होता हा.

१७९० मध्ये ते स्कॉटलंडच्या विल्यम कलेन यांचा औषधींवरचा ग्रंथ जर्मनमध्ये आणत होते. सिंकोनाची साल हिवतापावर गुणकारी, कारण ती कडू-तुरट असून पोटाला बळ देते, असं कलेन यांनी लिहिलेलं. हॅनिमनना हे पटेना. कडू-तुरट वस्तू जगात पुष्कळ आहेत, त्या कुठे हिवताप घालवतात? मग त्यांनी निरोगी असताना स्वतः काही दिवस ती साल घेतली. हातपाय गार पडले, नाडी जलद झाली, अंग थरथरलं, तहान लागली. हिवतापाची लक्षणं! त्यावरून त्यांना सुचलं की जे औषध निरोगी माणसात एखाद्या आजाराची लक्षणं उठवतं, तेच त्या आजारावर चालत असावं. १७९६ मध्ये हुफेलँड यांच्या नियतकालिकात निबंध आला, १८१० मध्ये होमिओपॅथीची तत्त्वं मांडणारा 'ऑर्गेनॉन' हा ग्रंथ. निरोगी माणसाला सिंकोनाने हिवताप होत नाही हे आता माहीत आहे. हॅनिमनना त्या सालीचं वावडं असावं असं काही अभ्यासक मानतात. म्हणजे पायाचा दगडच एका माणसाच्या एका अनुभवावर ठेवलेला.

पण त्यांची हिंमत पाहा. १७९२ मध्ये पवित्र रोमन सम्राट दुसरा लिओपोल्ड वारला. शेवटच्या २४ तासांत त्याचं चार वेळा रक्त काढलं होतं. हॅनिमन यांनी राजवैद्यांना वर्तमानपत्रातून जाहीर जाब विचारला. त्याच वर्षी गोथाच्या ड्यूकने त्यांना जॉर्जेंटाल इथे वेड लागलेल्या रुग्णांसाठी जागा दिली. तिथे क्लॉकनब्रिंग नावाचा एकच रुग्ण आला. वेड्यांना साखळीने बांधून मारण्याचा तो काळ. हॅनिमन यांनी मारू दिलं नाही, बांधू दिलं नाही. काही दिवस नुसतं त्याच्याकडे बघत राहिले, त्याचं ऐकत राहिले. माणूस बरा होऊन घरी गेला.

मामांचं बोलणं संपल्यावर त्या कॉलेजच्या मुलीने मला विचारलं, "ताई, तुम्ही केमिस्ट्रीच्या ना? ३० पोटेन्सीत औषध किती उरतं?"

मी मामांकडे पाहिलं. "सांग की," ते म्हणाले. दवाखान्यातली पाटी काढून मी मांडून दाखवलं. एका पोटेन्सीला एक भाग औषध, ९९ भाग पाणी किंवा अल्कोहोल. म्हणजे प्रत्येक पायरीला शंभर पट पातळ. बारा पायऱ्यांनंतर १ वर २४ शून्यं इतकं पातळ होतं. एक मोल पदार्थात रेणू असतात ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. तेव्हा बाराव्या पायरीच्या आसपास मूळ औषधाचा एखादा रेणू सापडला तर सापडला. तिसाव्या पायरीला १ वर ६० शून्यं. तिथे पाणीच असतं. हॅनिमन प्रत्येक पायरीला बाटली चामड्याच्या बांधणीच्या पुस्तकावर आपटायचे, त्याने औषधाची शक्ती जागी होते असं मानायचे. त्यांच्या बाजूने एवढं म्हणता येतं की रेणूंच्या संख्येचा पहिला अंदाज लोश्मिट यांनी १८६५ मध्ये मांडला. हॅनिमनना जाऊन तेव्हा २२ वर्षं झाली होती.

"हिशेब बरोबर हाय," मामा म्हणाले. "मी शिकलो तेव्हापास्नं ऐकतोय. पण मग माझ्या पेशंटांना गुण का येतो?"

मी म्हटलं, पुष्कळ दुखणी आपसूक उतरतात. तासभर कुणी आपलं ऐकून घेतलं की माणसाला बरं वाटतं. गुण येईल या भरवशानेही येतो. यातलं गोळीचं किती, हे कळायला अशी चाचणी लागते की घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला, दोघांनाही कुठली बाटली कसली ते माहीत नसेल. आणि अशी चाचणी हॅनिमन हयात असतानाच झाली होती. १८३५, न्यूरेंबर्ग. काही बाटल्यांत ३० पोटेन्सीचं मीठ, बाकीच्यांत नुसतं पाणी. बाटल्यांवर फक्त आकडे, कुठल्या आकड्याला काय याची यादी मोहोरबंद. पन्नासेक लोकांनी घेऊन पाहिलं. बहुतेकांना काहीच जाणवलं नाही. अलीकडे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यासांचे आढावे तपासले, आणि होमिओपॅथी परिणामकारक ठरल्याचा भरवशाचा पुरावा एकाही आजारात नाही असा निष्कर्ष काढला.

खोलीत थोडी चुळबुळ झाली. आत्याबाई म्हणाल्या, "मला तर बाई गुण आलाय." मी त्यांना खोटं ठरवलं नाही. त्यांच्या अर्धशिशीच्या दिवसांत मामांनी किती वेळा त्यांना बसवून ऐकून घेतलंय हे मला माहीत आहे.

पण मामांना मी जे म्हटलं ते इथेही लिहिते. हॅनिमन यांनी त्या काळच्या जळवांना आणि पाऱ्याला जो प्रश्न विचारला, तोच त्यांच्या गोळ्यांना विचारणं म्हणजे त्यांचा अनादर नाही. त्यांच्या तरुणपणाशी तेच इमान राखणं आहे.

मामांचं मत बदललं नाही. ते उठून भिंतीपाशी गेले आणि कॉलेजच्या मुलीला तिथला पुठ्ठा वाचायला लावला. त्यांच्याच अक्षरातला: छातीत दुखणं, दम लागणं, फिट, साप-विंचू, तीन दिवसांवरचा ताप, बाळाचं दूध तुटणं: सीपीआर. शुगर-बीपीची गोळी माझ्या सांगण्यावरून बंद करू नये. टीबीचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, तेच घ्यावं. "हे आधी पाठ कर," ते तिला म्हणाले, "मग मटेरिया मेडिका," म्हणजे औषधांच्या गुणधर्मांचा ग्रंथ.

जेवायला पुरणपोळी, कटाची आमटी, वर तूप. दुपारी सगळं घर झोपलं.

शुक्रवार: पन्हाळा आणि वळीव

पन्हाळा शहरापासून साधारण २० किलोमीटर. सकाळी सातला निघालो तर गार वाऱ्यात गड फिरून होतो, दहानंतर दगड तापतात. पाणी सोबत घ्या, टोपी घ्या. तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंधारबाव. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज जुलै १६६० मध्ये भर पावसात जिथून निसटले तो मुलूख तटावरून दिसतो, आणि बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी प्रत्येक जण थांबतोच.

तटाच्या कडेला धोतरा फुललेला दिसला. लांब पांढरी फुलं, काटेरी बोंडं. मामा वाकून बघत राहिले. याच कुळातला स्ट्रॅमोनियम हॅनिमन यांनी निरोगी माणसांवर तपासून 'मटेरिया मेडिका प्युरा'त नोंदवला. सहा खंडांचा हा ग्रंथ १८११ ते १८२१ दरम्यान निघाला. लाइपझिग विद्यापीठात शिकवत असताना त्यांचे मूठभर विद्यार्थी आणि ते स्वतः, एकेक वनस्पती घेऊन अंगात काय काय होतं ते लिहून ठेवत. मी मामांना म्हटलं, धोतऱ्यातल्या ॲट्रोपिनचं इंजेक्शन सीपीआरमध्ये कीटकनाशक प्यालेल्या शेतकऱ्याचा जीव वाचवतं. तिथे मात्रा मोजलेली असते आणि ती कमी पडली तर माणूस जातो. मामा म्हणाले, "व्हय, तिथं गोळी नाही चालायची." धोतऱ्याला मुलांना हात लावू देऊ नका, बिया फार विषारी.

झुणका-भाकरी आणि दही खाऊन बाहेर पडतो तर पश्चिमेकडून आभाळ भरून आलं. दहा मिनिटांत वळीव. आधी धूळ, मग टपोरे थेंब, मग गारा! सगळी माणसं अंबरखान्याकडे पळाली. गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारं. इतक्या जाड भिंती की आत गारांचा पाऊसही दबक्या आवाजात ऐकू येतो. साताऱ्याहून यात्रेला आलेलं एक कुटुंब आमच्या शेजारी टेकलं होतं, त्यांनी शेंगदाण्याचे लाडू काढले. त्यांच्या नातवाने गारा वाटीत गोळा करून सगळ्यांना एकेक दिली.

पाऊस थांबेपर्यंत मामांनी लाइपझिग सुटल्याची हकिकत सांगितली. हॅनिमन आपली औषधं स्वतः तयार करून स्वतःच देत. १८२० मध्ये औषधविक्रेत्यांनी तक्रार केली की औषध विकायचा हक्क आमचा, आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्याच वर्षी नेपोलियनला हरवणारा सेनापती श्वार्त्झेनबर्ग त्यांच्याकडे उपचाराला येऊन वारला, त्यामुळे विरोधकांना बळ आलं. १८२१ मध्ये कोथेनच्या ड्यूक फर्डिनांडने आपल्या छोट्या राज्यात औषध देण्याची परवानगी दिली, तेव्हा ते तिकडे गेले. १८३१ मध्ये युरोपात कॉलरा आला तेव्हा तिथूनच त्यांनी लिहिलं की हा रोग डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळे पसरत असावा. कॉख यांनी कॉलऱ्याचे जंतू दाखवले ते पन्नासहून अधिक वर्षांनी. मला हे ठाऊक नव्हतं. त्या दमट कोठारात ऐकताना अंगावर काटा आला.

उतरताना मातीचा वास, रस्त्यावर आंब्याच्या कैऱ्यांचा सडा. वळीवाच्या दिवसांत पन्हाळ्याला दुपारनंतर दुचाकीने जाऊ नका, घाटात झाडं पडतात. रात्री मामीने तांबडा-पांढरा केला. पांढऱ्या रश्श्याच्या तीन वाट्या प्यायले.

शनिवार: ज्योतिबा

यात्रेच्या दिवशी स्वतःची गाडी देवळापर्यंत नेण्याचा विचार करू नये. एसटीच्या जादा गाड्या असतात, त्यांनीच जावं. पांढरे कपडे घातले तर ते गुलाबी होऊनच परत येणार. पायात पट्ट्याच्या चपला हव्यात, गर्दीत सुटणाऱ्या नकोत. वाटेत अन्नछत्रं आणि पाण्याच्या सोयी भरपूर.

एसटीत मामी माझ्या शेजारी होती. हॅनिमन यांच्या दुसऱ्या बायकोची, मेलनीची गोष्ट मामीकडूनच ऐकावी. दवाखान्याच्या पुड्या आयुष्यभर तिने बांधल्या आहेत, वह्या तिने लावल्या आहेत. हेन्रिएट १८३० मध्ये वारली. १८३४ मध्ये पॅरिसहून मेलनी द'एर्विली नावाची चित्रकार स्त्री उपचारासाठी कोथेनला आली, एकटीने प्रवास करायचा म्हणून पुरुषाच्या वेशात. पुढच्या जानेवारीत दोघांनी लग्न केलं. ती पस्तिशीच्या आतबाहेर, ते ऐंशीला टेकलेले. जूनमध्ये पॅरिसला गेले आणि तिथे त्यांचा व्यवसाय पूर्वी कधी नव्हता इतका चालला. व्हायोलिनवादक पागानिनीसुद्धा त्यांचा रुग्ण होता. मेलनी त्यांच्या शेजारी बसून रुग्ण तपासायची. २ जुलै १८४३ ला ते गेले. १८४७ मध्ये तिच्यावर परवान्याशिवाय वैद्यकी केल्याचा खटला भरला आणि दंड झाला.

"आणि त्यो शेवटचा ग्रंथ?" मामी म्हणाली. "ऑर्गेनॉनची सहावी आवृत्ती. त्यांनी मरायच्या आधी तयार करून ठेवलेली. ती बाईनं सांभाळली. छापली कधी, १९२१ ला! लोक तिलाच नावं ठेवतात, अडवून धरलं म्हणून. सांभाळलं कुणी ते कुणी बोलत नाही." हे सांगताना मामीचा आवाज चढला होता, पुढच्या बाकावरच्या बायका वळून ऐकत होत्या.

वर पोचलो तर डोंगर गुलालात बुडालेला. पस्तीस-चाळीस फुटी सासनकाठ्या, दोऱ्यांनी चहूकडून तोललेल्या, हलगीच्या ठेक्यावर नाचत येत होत्या. मानाची पहिली पाडळीची. खोबऱ्याच्या वाट्या आणि गुलाल उधळला जात होता, दवण्याचा वास सगळीकडे, आणि "ज्योतिबाच्या नावानं चांगभलं!" असा गजर की बोललेलं ऐकू येईना. कालच्या कोठारातलं साताऱ्याचं कुटुंब पुन्हा भेटलं. नातू आजोबांच्या खांद्यावर, केसांपासून पायांपर्यंत गुलाबी.

दीडच्या सुमाराला पायऱ्यांपाशी कुणीतरी मामांचा हात धरला. "डॉक्टर, बरं झालं गावलासा." त्यांचा जुना पेशंट, साठीचा. चेहरा घामाने डबडबलेला. सकाळपासून छातीवर ओझं ठेवल्यागत वाटतंय, डावा हात जड, पित्त असंल, एखादी पुडी द्या म्हणाला. मामांच्या खिशात औषधाची डबी कायम असते. त्यांनी तिला हात लावला नाही. माणसाला तिथेच सावलीत बसवलं, मला म्हणाले, "पळ, आरोग्याचा तंबू बघ." तंबू जवळच होता. तिथल्या तरुण डॉक्टरांनी चावून खायला ॲस्पिरिन दिली, ईसीजी काढला, आणि १०८ मागवली. गर्दीतून वाट काढायला सासनकाठीवाल्या पोरांनीच हातांची साखळी केली. मामा रुग्णवाहिकेत बसून खाली गेले.

यात्रेला आजारी किंवा वयस्क माणसं नेत असाल तर पोचल्याबरोबर आरोग्य तंबू कुठे आहे ते बघून ठेवा, आणि त्यांच्या चालू गोळ्यांची चिठ्ठी व आधार कार्ड सोबत असू द्या. आम्हाला दोन्ही लागलं.

मामी आणि मी संध्याकाळी घरी आलो. मामा थेट स्टेशनवर आले, सीपीआरमधून, कपडे तसेच गुलालाचे. हार्ट ॲटॅकच होता, वेळेत पोचला, आता धोका टळलाय असं डॉक्टर म्हणाले. पेशंटच्या मुलाने विचारलं होतं, सोबत तुमची पुडी चालू ठेवू का. "मी म्हटलं, आता हितले डॉक्टर देतील तेवढंच दे."

गाडी सुटायला थोडा वेळ होता. मामीने गुळाची ढेप आणि चटणीची पिशवी बर्थवर ठेवली. मामा खिडकीशी उभे राहून म्हणाले, "ती न्यूरेंबर्गची गोष्ट मराठीत नीट लिहून पाठव. बाटल्या कशा भरल्या, यादी कुणाकडं ठेवली, सगळं. पुढच्या दहा एप्रिलला मी स्वतः वाचून दाखवतो."

लिहायला घेतली आहे.